लॉग सर्व्हरच्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) डिस्क वाढवायची आहे, सुरुवात कुठून करू?

उद्यमबाग_आयटी
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा लॉग सर्व्हर आहे, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नोंदी जमा होतात तो. उबुंटू २२.०४, त्यावर नोंदी गोळा करणारं ग्रेलॉग, मागे त्या साठवून शोधणारं ओपनसर्च, सगळं एकाच व्हीएमवर. खाली व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय. दोन फायरवॉल, चौदा स्विच, चार विंडोज सर्व्हर आणि ईआरपी (कारखान्याच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर) मिळून सेकंदाला सरासरी ३०० नोंदी येतात.

व्हीएमला ३०० जीबी डिस्क दिलेली आहे, पण जागा दाखवणारी डीएफ -एच कमांड ९८ जीबीच दाखवते आणि त्यातले ९३ टक्के भरलेत. डिस्क ८०० जीबी करायला गेलो तर सेटिंगमधला आकाराचा रकाना राखाडी, आकडा बदलताच येत नाही. लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. सर्व्हर फार वेळ बंद ठेवता येणार नाही. कुठून सुरुवात करू?

(कमांड इथल्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत लिहूया. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत.)

निपाणीकर
एलएसबीएलके (डिस्कची मांडणी) आणि सुडो व्हीजीएस (व्हॉल्यूम ग्रुपमधली मोकळी जागा) या दोन्हींचं आउटपुट टाका. ते बघितल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर ऐकू नका.

तिसरे_रेल्वेगेट
रकाना राखाडी म्हणजे स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) आहे. स्नॅपशॉट असताना व्हीएमवेअर डिस्क वाढवू देत नाही. स्नॅपशॉट मॅनेजर उघडून बघा. तिथे काही दिसलं नाही तरी डेटास्टोअरमध्ये (ईएसएक्सआयच्या साठवणीत) व्हीएमच्या फोल्डरात ‘-०००००१’ असं शेपूट असलेली व्हीएमडीके (व्हीएमची डिस्क-फाइल) आहे का ते बघा. बॅकअप सॉफ्टवेअरचं काम अर्ध्यात तुटलं की असे स्नॅपशॉट मागे राहतात आणि मॅनेजरमध्ये दिसत नाहीत. तेव्हा ‘कन्सॉलिडेट’ करून ते मूळ डिस्कमध्ये मिसळावे लागतात.

उद्यमबाग_आयटी
@निपाणीकर, एलएसबीएलके असं आहे:
एसडीए ३००जी
एसडीए१ १एम
एसडीए२ २जी /बूट
एसडीए३ २९८जी, त्याखाली उबुंटू-व्हीजी / उबुंटू-एलव्ही १००जी, माउंट /
व्हीजीएसमध्ये व्हीफ्री १९७.९९जी.

@तिसरे_रेल्वेगेट, होय, एक स्नॅपशॉट आहे. चार महिन्यांपूर्वीचा. ‘अपग्रेडपूर्वी’ असं नाव आहे.

निपाणीकर
मग घाईचं काम मिटलं की! तुमच्याकडे १९८ जीबी आत्ताच मोकळे पडून आहेत. ईएसएक्सआयला हात लावायची आज गरज नाही.

झालंय असं. एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा एका साठ्यात (व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे व्हीजी) घेऊन त्यातून हवे तेवढे भाग (एलव्ही) काढून देणारी व्यवस्था. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडल्यावर सगळी जागा रूटला (/, जिथे सिस्टीम असते) देत नाही. डिस्क २०० जीबीपेक्षा मोठी असेल तर एलव्ही फक्त १०० जीबीचा करतो, २० ते २०० च्या मधली असेल तर निम्मा. बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये राखून ठेवतो. म्हणून तुम्हाला ३०० दिलेत तरी डीएफला ९८ दिसतात.

आज वाढवायचं असेल तर एकच ओळ:
सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

यात ‘आर’ लहान आणि ‘एल’ही लहान. लहान आर दिला की फाइलसिस्टीमही त्याच दमात वाढते. तो विसरला तर एलव्ही वाढतो पण डीएफ तसाच राहतो, मग वेगळं रिसाइझ२एफएस चालवावं लागतं. लहान एल म्हणजे एक्सटेंट (एलव्हीएमचे ठरावीक तुकडे) किंवा टक्के, मोठा एल म्हणजे जीबी. मोठा एल वापरला तर अधिकचं चिन्ह जपा: ‘+५०जी’ म्हणजे आहे त्यात पन्नास आणखी, नुसतं ‘५०जी’ म्हणजे एकूण पन्नास. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टीम चालू असताना वाढते, सर्व्हर थांबवायला लागत नाही.

राजहंसगड
थांबा थांबा. सगळे १९८ जीबी रूटला देऊ नका. मला हे अजिबात पटत नाही.

लॉगचा डेटा आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकाच फाइलसिस्टीमवर आहेत, खरं दुखणं तिथे आहे. ओपनसर्च फुगलं की रूट भरणार. रूट भरलं की ग्रेलॉगची सगळी मांडणी ज्या मोंगोडीबी डेटाबेसात असते त्यालाही लिहायला जागा नाही, पॅकेज बसवणारं एपीटी अडकणार, टॅब दाबून नाव पूर्ण करायला गेलं तरी शेल रडणार. रूटला फार तर २० जीबी वाढवा. ओपनसर्चसाठी उरलेल्या जागेत वेगळा एलव्ही काढा, त्यावर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ करा आणि /व्हार/लिब/ओपनसर्च तिथे हलवा. पुढे तो कितीही भरला तरी मशीनमध्ये लॉगइन होऊन दुरुस्ती करता येते.

निपाणीकर
@राजहंसगड, तत्त्व बरोबर आहे. पण ९३ टक्के भरलेल्या मशीनवर आधी श्वास घ्यायला जागा करायची की आधी डेटा हलवायचा? ओपनसर्चचे डिस्क भरण्याचे ठरलेले टप्पे ८५, ९० आणि ९५ टक्के. पंचाण्णवला इंडेक्सवर (जिथे नोंदी साठतात) लिहिणंच बंद होतं, फक्त डिलीट चालतं. मध्ये दोनच टक्के उरलेत, म्हणजे ९८ जीबीतले दोन.

राजहंसगड
म्हणूनच म्हटलं, आज वीस द्या. वीस दिले की ७८ टक्क्यांवर येतं. एलव्ही वाढवणं एका ओळीचं आहे, कमी करणं तसं नाही. ईएक्सटी४ लहान करायचं तर रूट अनमाउंट करून रेस्क्यू सीडीवरून बूट करावं लागतं. एक्सएफएस तर लहान होतच नाही. म्हणून थोडं थोडं द्यावं.

निपाणीकर
हे मान्य. माझी ओळ बदलतो: मोठा एल, +२०जी, लहान आर. बाकी व्हीजीत राहू दे.

मलप्रभेकाठी
एक धोक्याची खूण. कोणाचं मशीन १०० टक्के भरून गेलं असेल तर वरच्या कमांड अर्ध्यात अडकू शकतात. एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी जुन्या मांडणीची प्रत /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्हमध्ये लिहितं, तिथे जागा नसली की ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणतं. पार्टिशन वाढवणाऱ्या ग्रोपार्टला /टेंपमध्ये फोल्डर करायचं असतं, तेही अडतं. उपाय: /टेंपवर दहा एमबीचा टेंपएफएस माउंट करा, म्हणजे तो रॅममधून चालतो. आणि एलव्हीएक्सटेंडला ‘-ए एन’ द्या (ए मोठा, एन लहान), म्हणजे त्या वेळेपुरती प्रत लिहिली जात नाही. किंवा आधी जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम चालवून थोडी जागा मोकळी करा. सिस्टीमच्या नोंदी ठेवणारं जर्नलडी ठरलेल्या मर्यादेनुसार फाइलसिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत जागा घेतं, कमाल ४ जीबी.

आणि एसएसएचवर (दुरून) असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच काम करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू राहते. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण आपल्या टेबलवरचा स्विच यूपीएसवर असतोच असं नाही.

काकतीवाला
आरएम करून जुन्या लॉग फाइल उडवल्या तरी जागा परत मिळत नाही, हेही कोणीतरी विचारणारच. फाइल उघडून बसलेली प्रोसेस जिवंत असेपर्यंत जागा सुटत नाही. सुडो एलएसओएफ +एल१ (एल मोठा) चालवलं की उडवलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइल दिसतात. त्या सर्व्हिसला रीस्टार्ट करा. चालू फाइल रिकामी करायची तर आरएम नको, ट्रंकेट -एस ०.

आणि ओपनसर्चच्या डेटा फोल्डरात हाताने काहीही उडवू नका! तिथल्या फाइल म्हणजे लॉग नव्हेत, इंडेक्सचे तुकडे आहेत. एक उडाली की अख्खा शार्ड (इंडेक्सचा एक भाग) गेला. जुना डेटा काढायचा तर ग्रेलॉगच्या इंडेक्स सेटमधून अख्खा इंडेक्स काढा, जागा लगेच सुटते. इंडेक्समधल्या निवडक नोंदी उडवल्या तर तुकड्यांचं मर्ज (एकत्रीकरण) होईपर्यंत जागा सुटत नाही.

उद्यमबाग_आयटी
वीस जीबी दिले. डीएफ आता ११८जी, ७८ टक्के. धन्यवाद. ग्रेलॉग चालूच होता.

आता ८०० चं. स्नॅपशॉट डिलीट केला तर चार महिन्यांचा डेटा जाईल का?

तिसरे_रेल्वेगेट
नाही जाणार. ‘डिलीट’ या शब्दाने खूप जण घाबरतात. स्नॅपशॉट घेतल्यापासूनचं सगळं लिखाण डेल्टा फाइलमध्ये जातं. डिलीट केलं की ती डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळते आणि आजची स्थिती कायम राहते. डेटा जातो तो ‘रिव्हर्ट’ने. ते बटण शेजारीच असतं, तेव्हा शांतपणे वाचून दाबा.

पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. लॉग सर्व्हर दिवसभर लिहीतच असतो, त्यामुळे चार महिन्यांची डेल्टा मूळ डिस्कएवढी झालेली असू शकते. मिसळायला काही तास लागतील आणि त्या काळात डिस्क हळू चालेल, शेवटी काही क्षण व्हीएम थबकेल. शनिवारी रात्री करा. दुसरं, आधी डेटास्टोअरवर किती मोकळं आहे ते बघा. मूळ डिस्क थिन (लागेल तशी जागा घेणारी) असेल तर मिसळताना ती फुगते. डेटास्टोअर भरलं तर ही व्हीएमच नव्हे, त्याच डेटास्टोअरवरच्या इतर थिन व्हीएमही थांबतात, म्हणजे ईआरपीसुद्धा. तिसरं, मिसळणं चालू असताना मध्येच ‘अडकलं वाटतं’ म्हणून होस्ट रीस्टार्ट करू नका. टक्का ९९ वर बराच वेळ थांबू शकतो.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. अपग्रेड नीट झालं की दोन-तीन दिवसांत काढून टाकावा.

संकेश्वरकर
आमच्याकडे ईएसएक्सआयऐवजी प्रॉक्समॉक्स आहे, तिथे डिस्क वाढवणं एका ओळीचं: क्यूएम रिसाइझ १०५ स्कझी० +२००जी (१०५ म्हणजे व्हीएमचा क्रमांक). पण खाली एलव्हीएम-थिन असेल तर एलव्हीएस -ए मध्ये डेटा टक्क्याबरोबर मेटा (पूलच्या मांडणीच्या माहितीचा) टक्काही बघा. मेटा भरला तर डेटाला जागा असून पूल बंद पडतो.

हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं) वाल्यांनी: चेकपॉइंट (तिथला स्नॅपशॉट) असेल तर तिथेही आकार बदलत नाही, आणि व्हीएम चालू असताना वाढवायचं तर डिस्क व्हीएचडीएक्स आणि स्कझी कंट्रोलरवर हवी.

राजहंसगड
@उद्यमबाग_आयटी, स्नॅपशॉट गेला की पुढे दोन रस्ते आहेत.

पहिला, आहे तीच डिस्क वाढवायची. ईएसएक्सआयमध्ये आकडा बदलला तरी लिनक्सला लगेच कळत नाही. इको १ हे /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रिस्कॅन या फाइलमध्ये लिहायचं (सुडो टी वापरून), मग एलएसबीएलकेत एसडीए मोठी दिसते. नंतर ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३. इथे ‘एसडीए’ आणि ‘३’ च्या मध्ये मोकळी जागा हवी, इथेच चुकतं. मग पीव्हीरिसाइझ /डेव्ह/एसडीए३ (इथे जोडून), आणि शेवटी एलव्हीएक्सटेंड. खालून वर चढत जायचं: डिस्क, पार्टिशन, पीव्ही (एलव्हीएमला दिलेली जागा), एलव्ही, फाइलसिस्टीम. एक पायरी चुकली की वरची कमांड ‘काही बदललं नाही’ म्हणते आणि माणूस चक्रावतो.

दुसरा, आणि माझ्या मते योग्य रस्ता: एसडीएला हातच लावू नका. नवी ५०० जीबीची डिस्क जोडा, ती एसडीबी म्हणून दिसेल. त्यावर पार्टिशन न करता थेट पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीबी, वेगळा व्हॉल्यूम ग्रुप, त्यात एक एलव्ही, त्यावर ओपनसर्च. पुढच्या वेळी फक्त रिस्कॅन आणि पीव्हीरिसाइझ, ग्रोपार्टची पायरीच नाही.

घटप्रभा_पॅसेंजर
पार्टिशन नसलेली डिस्क धोक्याची. उद्या कोणी नवा माणूस येतो, एफडिस्क उघडतो, पार्टिशन टेबल नाही म्हणून डिस्क रिकामी समजतो आणि त्यावर नवं टेबल लिहितो. पीव्हीचं लेबल डिस्कच्या सुरुवातीलाच असतं. एक जीपीटी (नव्या पद्धतीचं) पार्टिशन करायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

राजहंसगड
नव्या माणसाने एफडिस्कआधी एलएसबीएलके -एफ चालवावं, तिथे ‘एलव्हीएम२_मेंबर’ स्पष्ट दिसतं. पण तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. जिथे एकापेक्षा जास्त हात लागतात तिथे पार्टिशन करा. करायचं तर जीपीटीच. जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढे पार्टिशन जात नाही. (यांची एसडीए जीपीटीच आहे, ते १ एमबीचं एसडीए१ बायोस बूटसाठी असतं.)

खानापूर_रोड
डेटा हलवताना कुठे चुकतं ते सांगतो.

चालू असतानाच एकदा आरसिंकने नव्या जागी प्रत करून घ्या, मोठा भाग तिथेच होतो. मग फक्त ओपनसर्च थांबवा, ग्रेलॉग चालू राहू दे. ग्रेलॉग येणाऱ्या नोंदी आपल्या जर्नलमध्ये धरून ठेवतो. त्या जर्नलची ठरलेली मर्यादा ५ जीबी आणि १२ तास. तुमच्या ३०० नोंदींच्या वेगाने ५ जीबी सात-आठ तास पुरावेत, आणि दुसऱ्या आरसिंकला तेवढे लागत नाहीत. ग्रेलॉगही थांबवला तर स्विचकडून यूडीपीवर (पोच न घेता) येणारा सिसलॉग हवेत जातो, परत येत नाही.

ओपनसर्च थांबल्यावर दुसरं आरसिंक --डिलीट लावून. मग जुन्या फोल्डरचं नाव बदला: ओपनसर्च.जुना. नवं रिकामं फोल्डर करून त्यावर एलव्ही माउंट करा, मालकी ओपनसर्च युजरला द्या. नाव न बदलता त्यावरच माउंट केलं तर जुने ऐंशी-नव्वद जीबी खाली झाकले जातात. डीयूला दिसत नाहीत, डीएफला मात्र दिसत राहतात, आणि शोधता शोधता दिवस जातो.

एफस्टॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा कायमचा क्रमांक) किंवा एलव्हीचा पत्ता लिहा, /डेव्ह/एसडीबी लिहू नका. रीबूटनंतर एसडीए-एसडीबीची अदलाबदल होऊ शकते.

मलप्रभेकाठी
@खानापूर_रोड च्या मुद्द्याला जोडून. बरेच जण एफस्टॅबमध्ये ‘नोफेल’ लावतात, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन बूट होतं. पण मग डिस्क माउंट झाली नाही तर ओपनसर्च रूटवरच्या रिकाम्या फोल्डरात नव्याने संसार थाटतं! सर्व्हिसला सिस्टीमसीटीएल एडिट करून [युनिट]खाली रिक्वायर्समाउंट्सफॉर=/व्हार/लिब/ओपनसर्च ही ओळ घाला. माउंट नसेल तर सर्व्हिस सुरूच होणार नाही.

कुंदा_आणि_कोड
थोडं वेगळं. ईआरपीच्या लॉगमध्ये पार्ट्यांची नावं कन्नड-मराठीत असतात का? यूटीएफ-८मध्ये देवनागरी आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा धरून. ‘बेळगाव’ म्हणजे ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, १८ बाइट. आणि सॉफ्टवेअर जेसॉन लिहिताना उलट्या रेघेचं यू-क्रमांकाचं रूप वापरत असेल तर प्रत्येक चिन्हाला ६, म्हणजे ३६ बाइट. इंग्रजीत तेच नाव सात-आठ बाइटांत बसतं. नावं बदला म्हणत नाही, ती आपल्या लिपीतच असावीत! पण जेसॉन लिहिताना सरळ यूटीएफ-८ ठेवायचा पर्याय सुरू केला तर तेवढा मजकूर निम्मा होतो.

काकतीवाला
हे ध्यानातच आलं नव्हतं. फायदेशीर माहिती.

निपाणीकर
आता मूळ प्रश्नाकडे. ८०० पुरतील का?

३०० नोंदी × ५०० बाइट × ८६,४०० सेकंद म्हणजे दिवसाला जवळपास १३ जीबी कच्चा मजकूर. १८० दिवसांचे २.३ टीबी. हे सगळं ओपनसर्चमध्ये ठेवायचं तर ८०० काय, दोन टीबीही पुरणार नाहीत.

पण १८० दिवस ठेवायचं म्हणजे १८० दिवस शोधता येण्यासारखं ठेवायचं असं कुठे आहे? सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा. सर्व यंत्रणांचे लॉग सलग १८० दिवस सुरक्षित, भारताच्या हद्दीत ठेवायचे. शोध पडद्यावर दोन सेकंदांत मिळावा असं त्यात नाही. मात्र मागितल्यावर देता आले पाहिजेत.

म्हणून ३० दिवस ओपनसर्चमध्ये: १३ × ३० = ३९० जीबी. पंचाऐंशी टक्क्यांच्या खाली राहायचं तर ४६० जीबी. एकच नोड (सर्व्हर) आहे, तेव्हा रेप्लिका (दुसरी प्रत) शून्य ठेवा. रेप्लिका एक ठेवली तरी ती जाणार कुठे, क्लस्टर पिवळाच दिसत राहील. आणि पूर्ण १८० दिवसांचे लॉग आरसिसलॉगने (नोंदी फाइलीत लिहिणारं) साध्या फाइलमध्ये, रोज झेडएसटीडीने दाबून. लॉगचा मजकूर साधारण आठ-दहा पट दाबला जातो, म्हणजे २३० ते २९० जीबी. बेरीज साडेसातशेच्या आत. ८०० पुरतात, पण ओढूनताणून.

एक करा: ५०० बाइट हा माझा अंदाज आहे, तुमचा आकडा वेगळा असेल. ओपनसर्चच्या _कॅट/इंडायसेस यादीत कालच्या इंडेक्सचा आकार आणि नोंदींची संख्या बघा, भागाकार करा, मगच डिस्क मागा.

घटप्रभा_पॅसेंजर
दाबलेल्या फाइलींची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. त्याच ईएसएक्सआयवर ठेवून उपयोग नाही.

संकेश्वरकर
फाउंड्रीचं कोल्हापूरला ऑफिस असेल तर तिथे ठेवा की. निर्देशात भारताची हद्द म्हटलंय, बेळगाव जिल्ह्याची नाही. 🙂

मलप्रभेकाठी
आणि घड्याळ. त्याच निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (वेळ सांगणाऱ्या सर्व्हरशी) वेळ जुळवायला सांगितलंय. फायरवॉल भारतीय वेळेवर आणि स्विच यूटीसीवर असले की एकच घटना साडेपाच तासांच्या अंतराने दोनदा घडल्यासारखी दिसते. डिस्क वाढवली तरी असले लॉग कामाला येत नाहीत.

उद्यमबाग_आयटी
_कॅट/इंडायसेस बघितलं. कालचा इंडेक्स: २ कोटी ६१ लाख नोंदी, १७.४ जीबी. म्हणजे नोंदीला साधारण ६६७ बाइट पडतात. नोंदींचा वेग बरोबर निघाला, आकार जास्त.

निपाणीकर
मग ३० दिवसांचे ५२२ जीबी, ८५ टक्क्यांच्या हिशेबाने ६१५. फाइलींचे वरचे २९० धरून नऊशेच्या पुढे. दोनच मार्ग: ओपनसर्चमध्ये ३० ऐवजी २१ दिवस (४३० जीबी), किंवा फायरवॉलचे ‘परवानगी दिली’ प्रकारचे लॉग ग्रेलॉगच्या पाइपलाइनमध्ये गाळून फक्त साध्या फाइलीत ठेवा. गाळण्याआधी आरसिसलॉगची प्रत वेगळी जाते आहे ना हे तपासा, नाहीतर ते दोन्हीकडून जातील.

राजहंसगड
२१ दिवसांपासून सुरुवात करा. इंडेक्स सेटमध्ये रोज एक इंडेक्स, कमाल २१. आणि ओपनसर्चच्या डिस्कवर ७५ टक्क्यांना इशारा लावा. पंचाऐंशीला लावलेल्या इशाऱ्यानंतर डिस्क मागवून, मंजुरी घेऊन, जोडेपर्यंत पंचाण्णव गाठलेले असतात.

उद्यमबाग_आयटी
ठरलं. शनिवारी रात्री आधी स्नॅपशॉट डिलीट, रविवारी सकाळी ५०० ची नवी डिस्क, जीपीटी पार्टिशन करून. डेटास्टोअरवर सध्या १.१ टीबी मोकळे आहेत. शुक्रवारी पुन्हा बघून इथे लिहितो.

तिसरे_रेल्वेगेट
शुक्रवारी डेल्टा फाइलचा आकारही लिहा, त्यावरून मिसळायला किती तास लागतील त्याचा अंदाज सांगता येईल. आणि रात्रीच्या बॅकअपचं वेळापत्रक शनिवारपुरतं बंद ठेवा. मिसळणं चालू असताना बॅकअपने नवा स्नॅपशॉट घेतला तर पुन्हा रविवारी रकाना राखाडी.